रकाना क्रमांक सात

रात्री साडेदहाला कंपनीची गाडी येरवड्याच्या पुलावरून वळते,
सव्वाअकराला माझ्या पडद्यावर न्यूफाउंडलंड उघडतं.
पिवळी पानं, कडांना बुरशी,
कुणा मंत्र्याची सही चहाच्या डागासारखी फुटलेली.
वाचायचं नाही, नुसतं टिपायचं:
नाव, वय, गाव, जहाज, तारीख, धंदा,
आणि रकाना सात: देह मिळाला का.
पानाला अडीच रुपये. चूक झाली की चार कापतात.

तरी डोळे वाचतातच.

एकोणीसशे चौदा. सील मारायला गेलेले लोक
दोन रात्री उघड्या बर्फावर.
जहाजावरचं बिनतारी यंत्र मालकांनी आधीच उतरवलेलं,
परवडत नव्हतं म्हणून.
या कप्तानाला वाटलं, माणसं त्या जहाजावर असतील;
त्याला वाटलं, परत गेली असतील.
अठ्ठ्याहत्तर.
एक बाप पोराला कवेत घेऊन गोठलेला.
वय, गाव, धंदा. हो. हो. नाही.
मग चौकशी. मग सभागृहाचं दुःख.

वीसेक वर्षांनी तिजोरी आटली
आणि त्याच सभागृहानं ठराव करून
स्वतःलाच कुलूप लावलं.
हे टिपताना मी थांबले.
आमच्या वॉर्डातला एकही सभासद हे करणार नाही,
तिजोरी आटली तरी.

पुढे ते कॅनडाचा प्रांत झाले.
सरकार म्हणालं, बेटं सोडा, शाळा देतो, दवाखाना देतो.
तर लोकांनी घरंच पाण्यात ढकलली,
खाली पिंपं बांधून, होड्यांनी ओढत नेली.
एका फोटोत दुमजली घर समुद्रात,
खिडकीचा पडदा तसाच.

फोटोवर काही टिपायचं नसतं. तरी पहाटे तीनला चहा प्यायला खाली गेले तेव्हा
दत्तोबा शेलारांना मोबाईलवर दाखवला.
(फोटो काढायला बंदी आहे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.)
वॉचमनची टोपी मागं सारून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, आमचंबी तरंगलं होतं, ताई.
पण ओढायला कुणी नव्हतं.

बारा जुलै, एकसष्ट. ते नऊ वर्षांचे.
ओंकारेश्वराच्या बाजूनं पोरं ओरडत आली, पानशेत फुटलं.
थोरला एकनाथ कोंबड्या सोडवायला मागं फिरला.
सात होत्या, म्हणाले. दोन वाचल्या.
मग पुढारी आले, धोतराचा सोगा चिखलापासून उचलून धरत.
मग आयोग. मग गोखलेनगरात पत्र्याची अर्धगोल घरं,
उन्हाळ्यात पाठ टेकवली तर भाजायची.
आईनं रेशनकार्डावरून एकनाथचं नाव कमी केलं नाही.
अडुसष्ट सालापर्यंत त्याच्या वाट्याची साखर येत होती.
कोण खायचं?
मीच की, म्हणाले, आणि ग्लास विसळायला गेले.

वर आले तर पुढचा गठ्ठा: एकोणीसशे ब्याऐंशी, फेब्रुवारी.
तेलाचं फलाट वादळात बुडालं.
एक छोटी काच फुटली, तिथून सुरुवात.
चौऱ्याऐंशी माणसं. बावीस देह.
बासष्ट वेळा ‘नाही’.
बोट त्याच कळीवर, मान अवघडलेली.
प्रणाली रिकामा रकाना घेत नाही,
तो लाल होतो, घुसमटल्यासारखा.
तरी एका पानावर मी सात नंबर रिकामा सोडला.
कुणाच्या नावापुढे, ते सांगत नाही.

सकाळी परतताना पुलाखाली जलपर्णी
काठापासून काठापर्यंत, वर एक बगळा.
कठड्याला कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
नदीकडे पाठ करून हसणारा.
मोबाईल थरथरला. सुपरवायझर घोटणकर मॅडम:
पान ४१२, रकाना सात. आजच्या आज भरा.